रेग्युलेटर बंद करताना उसळणारे व्होल्टेज

माझ्या एका बोर्डावर बक रेग्युलेटर (जास्त व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारे सर्किट) ३.३ व्होल्ट पुरवतो आणि ३ अँपिअरचा लोड एका मॉसफेटमागे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमागे, आहे. एक पिन वाचवण्याच्या मोहात मी रेग्युलेटर चालू-बंद करणारे इनेबल आणि त्या मॉसफेटला चालू-बंद करणारे गेट एकाच सिग्नलवर बांधले होते. बंद करण्याच्या क्षणी मात्र व्होल्टेज उतरण्याऐवजी ३.८ पर्यंत चढलेले ऑसिलोस्कोपवर दिसले. प्रथम मी प्रोबच्या लांब ग्राउंड वायरला दोष दिला, परंतु तिच्याऐवजी आखूड स्प्रिंग लावूनही चित्र बदलले नाही. शिवाय चढलेले व्होल्टेज तेथेच रेंगाळत होते, कारण लोड सुटल्यावर आउटपुटवरचा, विद्युतभार साठवणारा कपॅसिटर रिकामा होण्यास फीडबॅकच्या (रेग्युलेटरला आउटपुटचे व्होल्टेज कळवणाऱ्या) १०० किलोओहमच्या रोधांची साखळी आणि काही मायक्रोअँपिअर घेणारा एक सेन्सर एवढीच वाट उरत होती. आणि त्या सेन्सरची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे.

कारण साधे आहे. रेग्युलेटरच्या आतला स्विच थांबला तरी त्याच्या इंडक्टरमधला (ऊर्जा साठवणाऱ्या कॉइलमधला) प्रवाह लगेच थांबत नाही. तो डायोडमधून वाट काढत सात-आठ मायक्रोसेकंदांत सगळी ऊर्जा कपॅसिटरमध्ये ओततो. माझ्या १० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरसाठी आणि २२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसाठी हिशेब ३.८७ व्होल्ट येतो, आणि डायोडमधला व्यय वजा केला की मोजलेला आकडा जुळतो. कागदावरचे २२ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटरमध्ये व्होल्टेजखाली बरेच घटतात, हे धरले तर मी थोडक्यात सुटलो असेच म्हणावे लागेल.

काही रेग्युलेटरांत आउटपुट रिकामे करणारा अंतर्गत रोध असतो. तो १०० ओहमचा असला तरी त्याला काही मिलिसेकंद लागतात. उसळीचा मुक्काम कमी होतो, उंची नाही. ३.६ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजवर वाहू लागून ते रोखणारा डायोड) तर मला पटतच नाही, कारण इतक्या कमी व्होल्टेजचे झेनर त्या व्होल्टेजच्या आधीच गळू लागतात आणि ऐन वेळी नेमके थांबवत नाहीत.

खरा उपाय क्रमात होता. आता दोन स्वतंत्र पिन आहेत: आधी रेग्युलेटर बंद होतो आणि २० मायक्रोसेकंदांनी लोड सुटतो, त्यामुळे इंडक्टरमधली ऊर्जा लोडच खाऊन टाकतो आणि व्होल्टेज ३.३ वरून सरळ खाली येते.

मात्र अतिप्रवाहामुळे रेग्युलेटर स्वतःहून बंद पडतो तेव्हा तो माझा क्रम विचारत नाही. ४.५ अँपिअरच्या मर्यादेवर तो थांबला आणि त्याच क्षणी लोडही सुटला, तर हिशेब ४.४८ व्होल्टवर जातो. म्हणून आउटपुटवर आणखी १०० मायक्रोफॅरड वाढवले आणि तो ३.५४ वर आणला.