वाईत ऐकलेला इतिहास, वाईत चाललेला इतिहास

नोकरीतल्या बदलीमुळे मी वाईला राहायला आले, तेव्हा हे गाव मला पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावरचा एक थांबा एवढ्यापुरतेच ठाऊक होते. ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, घाटावर दहा मिनिटे बसावे आणि पसरणीच्या घाटाला लागावे, असे मीही अनेकदा केले होते. त्याच गावात राहून आता आठ वर्षे झाली आहेत. या आठ वर्षांत मला वाई जी काही कळली, ती दोन मार्गांनी कळली. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी होणारी व्याख्याने हा पहिला मार्ग आणि सकाळी चार लोकांना बरोबर घेऊन गावातून घातलेल्या फेऱ्या हा दुसरा. हे दोन्ही मार्ग एकमेकांना जोडल्याशिवाय गावाचा इतिहास हाती लागत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

महाराष्ट्रात वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. पुढे ती गावोगाव गेली, पण सगळीकडे टिकली नाही. वाईत ती टिकली. इथल्या व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली आहे, आणि मे महिना आला की कोणत्या दिवशी कोणता वक्ता येणार आहे याची चौकशी भाजी घेतानासुद्धा होते. पहिल्या वर्षी मी केवळ घरात उकडत होते म्हणून गेले. दिवसभर तापलेले गाव सात वाजल्यानंतर निवू लागते, नदीकडून वारा सुटतो आणि माणसे शेजारच्यांशी बोलत बोलत येऊन आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पिशवीतून एक वही काढली आणि वक्त्याचे नाव, विषय व तारीख नीट लिहून घेतली. तशा किती वह्या घरी आहेत, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हापासूनच्या सगळ्या आहेत.” त्यांच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर भाषणाचा सारांश फारसा नव्हता. शेवटी श्रोत्यांनी काय विचारले, ते मात्र सविस्तर लिहिलेले होते. मीही तेव्हापासून प्रश्न लिहून ठेवू लागले.

वाईत जाहीर बोलण्याची आणि ऐकण्याची परंपरा अर्थातच व्याख्यानमालेहून कितीतरी जुनी आहे. इथल्या सात घाटांवर माघापासून क्रमाने कृष्णाबाईचा उत्सव होतो. भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी हे ते सात घाट. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून कृष्णामाईला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. खान विजापूरकरांच्या वतीने वाईचा सुभेदार होता, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले ते इथून फार दूर घडलेले नव्हते. त्यामुळे या गावाने ते संकट ऐकीव म्हणून नव्हे, तर उंबऱ्यापाशी आलेले म्हणून लक्षात ठेवले, यात नवल नाही. उत्सवात नदीकाठी मांडव घालून देवीची स्थापना करतात आणि कीर्तन, प्रवचन, भजन होते. एखाद्या आळीतल्या माणसाने नदीकाठी बसून शेकडो लोकांसमोर बोलणाऱ्याचे ऐकावे, ही सवय इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. व्याख्यानमाला याच सवयीवर उभी राहिली असावी, असे मला वाटते.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पेशवाईतल्या घराण्यांवर एक व्याख्यान झाले. वक्त्यांनी रास्ते घराण्याविषयी सांगितले, आणि वाईतली बहुतेक मोठी देवळे रास्त्यांनीच बांधली असल्यामुळे सभागृह अगदी एकाग्र झाले होते. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, ढोल्या गणपतीचे १७६२ चे. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, “रास्ते एवढे मोठे झाले ते कोणामुळे?” वक्त्यांनी पराक्रम आणि सावकारी यांविषयी उत्तर दिले. बाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आणि गोपिकाबाई?”

त्या प्रश्नाने माझ्या डोक्यातली वाईची मांडणीच बदलली. गोपिकाबाई या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी. नानासाहेब पेशव्यांशी त्यांचे लग्न झाले. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव हे त्यांचे मुलगे. एक पानिपतावर पडला, एक ऐन तारुण्यात क्षयाने गेला आणि एकाचा शनिवारवाड्यात खून झाला. घाटावर उभे राहून ‘ही देवळे रास्त्यांनी बांधली’ असे म्हणताना ज्या सोयरिकीमुळे या घराण्याला पेशव्यांच्या दरबारात वजन आले, तिचा उल्लेखही होत नाही, हे मला त्या रात्री फार टोचले. आता मी ज्या फेऱ्या काढते त्यांत काशीविश्वेश्वराच्या नंदीपाशी थांबून आधी गोपिकाबाईंविषयी बोलते आणि मगच देवळाच्या बांधणीकडे वळते. हा क्रम काहींना खटकतो. मला तो न्याय्य वाटतो.

फेऱ्या सुरू झाल्या त्या अशा व्याख्यानांनंतर रेंगाळणाऱ्या पाच-सहा जणांच्या बोलण्यातून. रात्री जे ऐकले ते सकाळी जाऊन पाहायचे, एवढाच बेत होता. साडेसहाला गणपती घाटावर जमायचे, चपला काढून हातात घ्यायच्या नाहीत तर नीट एका जागी ठेवायच्या, देवळात पूजा चालू असेल तर बाहेरच थांबायचे आणि कोणाच्याही दारात शिरून फोटो काढायचे नाहीत, हे नियम पहिल्याच दिवशी ठरले. गावात फिरायला आलेला माणूस आणि गावात राहणारा माणूस यांच्यात बेबनाव होतो तो बहुधा याच बारीकसारीक गोष्टींवरून.

ढोल्या गणपतीच्या देवळापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो, पण गाभाऱ्यात नव्हे. मूर्ती भव्य आहे, एकाच दगडातली आहे आणि तिच्यामुळेच देवाला हे लाडके नाव मिळाले, हे सगळ्यांना माहीत असते. मी लोकांना देवळाला वळसा घालून मागे नेते. तिथे भिंत सरळ नाही. ती माशाच्या तोंडासारखी निमुळती होत पुढे आलेली आहे. पुलाच्या खांबांना प्रवाहाकडे टोक काढलेले असते, त्याच तत्त्वावर ही भिंत बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा या टोकावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो, त्यामुळे पाण्याचा सगळा भार एका सपाट भिंतीवर येत नाही. नदीच्या इतक्या जवळ देऊळ बांधायचे ठरवल्यावर नदीशी कसे वागावे लागेल, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्या दगडावर हात ठेवला की थंडावा जाणवतो. सांध्यांवरून बोट फिरवले तर कुठे कुठे नखही शिरत नाही. फेरीतली लहान मुले इथे हमखास भिंतीला पाठ लावून उभी राहतात आणि आपण पाणी आहोत असे समजून दोन्ही बाजूंना पळत सुटतात. तत्त्व समजावून सांगायला याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

घाट संपवून आम्ही गंगापुरीकडे जातो, आणि इथे माझा सूर बदलतो हे मला जाणवते. घाट आणि देवळे पाहायला पर्यटक येतातच. पण वाईचे जे मला सर्वांत मोलाचे वाटते, ते या बाजूच्या साध्या इमारतींत घडले आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत १९१७ च्या सुमारास विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन उपनिषदे, गीता आणि शांकरभाष्य शिकायला आले होते. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून आलेला एक मुलगा याच पाठशाळेत शिकला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून सर्वांना माहीत झाला. अस्पृश्यता निवारणासाठी शास्त्राचा आधार मांडताना गांधीजींना या तरुण तर्कतीर्थांची मोठी मदत झाली. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, तेव्हा पौरोहित्य त्यांनीच केले होते. पाठशाळा म्हटली की जुन्या मतांचा बालेकिल्ला डोळ्यांसमोर येतो. वाईची पाठशाळा मात्र ग्रंथांच्याच आधाराने रूढीला प्रश्न विचारत होती.

मराठी विश्वकोशाचे काम वाईत झाले तेही तर्कतीर्थांमुळे. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. सगळ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचा राज्य शासनाचा प्रकल्प मुंबई-पुण्यात न राहता कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी चालला, याचा अभिमान मला या गावची सून किंवा लेक नसतानाही वाटतो. एका फेरीत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या घरी विश्वकोशात काम करणारे भाडेकरू राहत असत. रात्री जेवताना ‘आज कोणत्या अक्षरापर्यंत आलात?’ असे आम्ही विचारत असू, असे त्यांनी सांगितले. मी त्यांचे वाक्य तिथेच उभ्याने वहीत उतरवून घेतले, कारण ते कोणत्याही दप्तरात मिळणार नव्हते.

दप्तरात मिळणारे आणि न मिळणारे, हा भेद फेरीत सतत समोर येतो. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवरच्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथले मोडी कागद ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. ते आता वाड्यात नाहीत. वाड्यातल्या चौकांतून फिरताना, भिंतीवरची फिकट झालेली चित्रे पाहताना कोणीतरी भुयाराचा विषय काढतोच. भुयार वाईपर्यंत जाते, साताऱ्यापर्यंत जाते, आमच्या आजोबांनी त्याचे तोंड पाहिले होते, असे नाना प्रकार ऐकायला मिळतात. सुरुवातीला मी अशा माणसाला तिथल्या तिथे खोडून काढत असे. एकदा एक मुलगा त्यामुळे इतका हिरमुसला की पुढची सगळी फेरी तो एक शब्द बोलला नाही. ती चूक माझी होती. आता मी त्यांना विचारते, भुयार असेल तर ते नदीच्या खालून गेले असेल की बाजूने, खोदलेली माती कुठे टाकली असेल, दप्तरात खर्चाची नोंद कोणत्या खात्यावर पडली असती? मुले स्वतःच विचार करू लागतात आणि गोष्टीतले किती टिकते ते स्वतःच ठरवतात. ऐकीव गोष्ट टाकून द्यायची नाही, पण पुराव्याच्या रांगेत तिला पुढेही बसवायचे नाही, हे पथ्य मी व्याख्यानमालेतल्या चांगल्या वक्त्यांकडून शिकले.

मेणवलीच्या घाटावरची घंटा हे या पथ्याचे उत्तम उदाहरण आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले आणि त्या देवळांना दिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे आणि एक इथे आहे. फेरीत मी आधी काहीच सांगत नाही. लोकांना घंटेजवळ जाऊन डोळ्यांनी शोधायला लावते. हळूहळू कोणाला तरी बाळ कडेवर घेतलेल्या स्त्रीची उठावाची आकृती दिसते, मग १७०७ हा आकडा दिसतो. ‘देवळात मेरी कशी?’ हा प्रश्न एखादा मुलगा विचारतो आणि त्याच्यामागून सगळी वसईची मोहीम ओघाने येते. ऐकीव गोष्टीला इथे धातूत ओतलेला आकडा साक्षीला आहे.

गेल्या मे महिन्यात व्याख्यान संपल्यावर वहीवाल्या आजींनी मला थांबवले. फेऱ्यांत मी पुराविषयी देवळाची भिंत दाखवून बोलते हे त्यांना नातीकडून कळले होते. “भिंत दाखवतेस ते बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “पण आम्ही पाणी भिंतीवरून मोजत नसू.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला आपल्या आळीच्या घाटावर घेऊन गेल्या. धुणे धुवायची पायरी, त्याच्या वरची दिवा सोडायची पायरी, त्याच्या वर एक कड फुटलेली पायरी, असे त्या काठीने दाखवत गेल्या. फुटक्या पायरीला पाणी लागले की घरातली धान्याची पोती माडीवर चढवायला घ्यायची, असे त्यांच्या सासूने त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातच सांगून ठेवले होते. सासूला ते तिच्या सासूने सांगितले होते. मी पायऱ्या मोजल्या, वहीत घाटाची आकृती काढली आणि फुटक्या पायरीवर खूण केली.

पुढच्या फेरीत ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीनंतर आम्ही थेट त्या घाटावर जाणार आहोत. बोलायला आजींनी होकार दिला आहे. उभे राहून जमणार नाही म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची आणायची आहे, आणि त्यांनी स्वतः बजावल्याप्रमाणे ती फुटक्या पायरीच्या वरच्या अंगाला ठेवायची आहे.