आमची वाटचाल : पैलूची धार आणि दिव्याचा ठिपका

आमची सुरुवात नव्या झुंबरांनी झाली नाही. पुण्याच्या पेठांमधले वाडे उतरवले जात होते, आणि माळ्यावरच्या हंड्या-झुंबरं पोत्यांत भरून तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, आमच्याकडे येत होती. लोलक (झुंबराला लोंबणारे पैलूदार काचेचे तुकडे) उतरवायचे, गंजलेल्या पिना कापायच्या, नळ्यांमधली कापडी वायर ओढून नवी घालायची, फुटलेल्या लोलकाला जोड शोधायचा. जोड मिळाला नाही तर घासून घ्यायचा.

ते घासकाम फिरोजाबादहून आलेल्या चाचांनी उभं केलं. आमचे पहिले भागीदार तेच. लोखंडी चाकावर कार्बोरंडमची कठीण पूड आणि पाण्याने पैलू पाडायचा, दगडी चाकावर तो सपाट करायचा आणि शेवटी फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चाकावर सेरियम ऑक्साइडच्या बारीक पुडीने चकाकी आणायची. सगळी गोम शेवटच्या टप्प्यात आहे. फेल्ट मऊ असतं, त्यावर काच जास्त वेळ दाबली की पैलूची कड गोल होते. लोलक चकचकीत दिसतो, पण लकाकत नाही. साच्यात दाबून काढलेल्या काचेचंही तेच. लोलक घेताना कडेवरून नख फिरवा. धार लागली पाहिजे आणि अंगावर साच्याची रेघ नसावी. दुकानदार रागावला तरी नख फिरवाच.

‘डायमंड कट’ सगळेच मागतात. हिऱ्याच्या गोल ब्रिलियंट कटला ५७ पैलू असतात, तळाचा बारीक पैलू धरला तर ५८. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली त्याचे कोन गणिताने मांडले; खालचे पैलू ४०.७५ अंशांवर. हिऱ्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) २.४२, म्हणून क्रांतिक कोन २४.४ अंश; आतून याहून तिरका आलेला प्रकाश बाहेर न पडता परत फिरतो. वरून शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर दोनदा आपटून वरच परततो. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५२ आणि क्रांतिक कोन ४१ अंशांच्या पुढे. तोच कट काचेत उतरवला तर बराचसा प्रकाश मागून गळून जातो. मागे चंदेरी थर नसेल, तर काचेचा हिरा समोरून फिकाच दिसणार.

लोलकाची रीत वेगळी. दिवा त्याच्या मागे किंवा वर असतो, प्रकाश आरपार येतो आणि येताना रंग फुटतात. शिसं घातलेल्या काचेत ते जास्त फुटतात. युरोपात किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असेल तरच काचेला लेड क्रिस्टल म्हणता येतं. बाजारात ‘के-नाइन’ म्हणून मिळते ती बिनशिशाची काच. तीही चांगली असते, फक्त कटाई नीट हवी.

एलईडी स्वस्त झाले आणि आमचं दुकान बंद पडायची वेळ आली. आधी झुंबरात ४० वॅटचे पारदर्शक मेणबत्ती-बल्ब असायचे. लोकांनी ते काढून दुधी एलईडी लावले. वीज वाचली, झुंबरं विझल्यासारखी झाली. एकामागून एक तक्रारी आल्या : “तुमची काच मेली.” त्याच वेळी बाजारातल्या एका मोठ्या दुकानाने सांगायला सुरुवात केली की आमचा माल नकली आहे, खरा क्रिस्टल त्यांच्याकडे. त्यांचा ‘क्रिस्टल’ ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकचा होता. हातात घेतला तर हलका, गालाला लावला तर गारवा नाही. दोन दिवाळ्या आमच्या ऑर्डरी निम्म्याहून खाली होत्या. चार कारागिरांपैकी दोघांना सोडावं लागलं. ते शल्य आजही आहे.

दोष दिव्यात होता. जुन्या बल्बमधली फिलामेंट, म्हणजे तार, ही प्रकाशाची बारीक रेघ. प्रत्येक पैलू तिची वेगळी, तेजस्वी प्रतिमा दाखवतो. दुधी बल्बचा अख्खा फुगाच प्रकाशतो. त्याच्या मोठ्या प्रतिमा एकमेकींवर पडतात, रंग एकमेकांत मिसळून पुन्हा पांढरे होतात. हे तोंडाने सांगून कुणाला पटेना. तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी आपलं १६ फांद्यांचं झुंबर आमच्या हवाली केलं. हे झुंबर आम्ही पहिल्या वर्षी दुरुस्त केलं होतं. आठ फांद्यांवर दुधी बल्ब ठेवले, आठांवर पारदर्शक फिलामेंट एलईडी लावले, आत तशीच प्रकाशाची रेघ असलेले : ई-१४ (बारीक आट्यांचा) होल्डर, ४ वॅट, २७०० केल्विनचा पिवळसर उजेड, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९०. लोलक तेच. भिंतीच्या एकाच बाजूला रंग सांडले होते. काकूंनी भिशीच्या दिवशी सगळ्यांना ते दाखवलं, आणि त्या महिन्यात आमचा फोन पुन्हा वाजू लागला.

पुढची वर्षं कामाची गेली.

जुने बल्ब काढून एलईडी लावताना जुना डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) तसाच ठेवू नका. १२ बल्बांचा भार ४८० वॅटवरून ४८ वर येतो. तेवढ्यावर जुना डिमर नीट चालत नाही, दिवे फडफडतात किंवा गुणगुणतात. एलईडीच्या कमी भारावर चालणारा ‘ट्रेलिंग-एज’ डिमर घ्या, आणि बल्बवरही ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं. बटणात लाल इंडिकेटर असेल तर बंद केलेले एलईडीही रात्री मंद जळत राहतात. बल्ब खराब नसतो, इंडिकेटर काढायचा.

माप साधं आहे. खोलीची लांबी-रुंदी फुटांत मिळवा, तितके इंच व्यास. १२ बाय १४ च्या खोलीला २६ इंच. जेवणाच्या टेबलावर तळ ३० ते ३६ इंच उंच. चालण्याच्या जागी खाली सात फूट मोकळे हवेतच. पीओपीच्या छतात काहीही टांगू नका, अँकर (भोकात घट्ट बसणारा बोल्ट) स्लॅबमध्येच गेला पाहिजे. भोकातली भुकटी फुंकून काढा, नाहीतर पकड बसत नाही. झुंबराच्या चौपट वजनाची वाळूची गोणी रात्रभर टांगून बघितल्याशिवाय आम्ही झुंबर चढवत नाही.

पिना पितळी घ्या. मुलामा दिलेली लोखंडी पीन मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत आतून गंजते आणि एक दिवस लोलक खाली येतो.

त्या मोठ्या दुकानातली ॲक्रिलिकची झुंबरं हल्ली आमच्याकडे येतात. पिवळी पडलेली, भोकांपाशी तडकलेली. त्याला दुरुस्ती नाही, हे आम्ही आधीच सांगतो. सांगाडा चांगला असेल तर नवे लोलक चढवून देतो.