बोट पाचची, आम्ही आदल्या दिवशी

शनिवारी संध्याकाळी पाचला बोट सुटणार होती आणि बाबांनी मला शुक्रवारी सकाळी लिस्बनला उतरणारं विमान बघायला लावलं. "शनिवारी सकाळी पोचलो तरी चालेल की," असं तिकीट काढताना मी म्हणून पाहिलं. एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसापुढे 'चालेल की' म्हणणं हा शुद्ध वेडेपणा. विमानाला उशीर, बॅग गहाळ, टॅक्सी नाही, संप, अशा सगळ्या शक्यता त्यांनी बोटांवर मोजल्या आणि वर विचारलं, "मग काय, बोटीमागे रिक्षा करणार?"

आता सांगते, त्यांचं ऐकलं ते बरं झालं. क्रूझच्या सात रात्रींतलं निम्मं मला आठवत नाही. लिस्बनचा दीड दिवस मात्र तासातासाने आठवतो.

क्रूझ टर्मिनल आल्फामा या शहरातल्या सगळ्यात जुन्या वस्तीच्या पायथ्याशी आहे, सांता आपोलोनिया रेल्वे स्टेशनला लागून. म्हणून खोलीही आल्फामातच घेतली. नकाशावर टर्मिनलपासून जेमतेम पाचशे मीटर. नकाशात चढ दिसत नाही. आणि ते दगडही दिसत नाहीत! मुठीत मावतील असे चुनखडीचे पांढरे चौकोनी तुकडे, एकाला एक भिडवून सगळ्या गल्लीभर बसवलेले आणि माणसांच्या पायांनी साबणासारखे गुळगुळीत झालेले. दुसऱ्याच वळणावर बॅगचं एक चाक निखळलं आणि पायऱ्यांवरून टणटणत खाली एका दारातल्या कुंडीला जाऊन टेकलं. बाबांनी ते खिशात टाकलं. पुढचा चढ बॅग त्यांच्या हातात, मी मागून ढकलतेय, आणि खिडक्यांतून वाळत घातलेल्या चादरी आमच्या डोक्यावर पाणी गाळतायत, अशी आमची युरोपातली शाही मिरवणूक.

घरमालकीण सत्तरीची असेल. तिला इंग्रजी येईना, आम्हाला पोर्तुगीज. खोली, नळ, खिडकी सगळं हातवारे करून दाखवल्यावर तिने बाबांपुढे किल्ली धरली आणि म्हणाली, "शाव."

"चावी?" बाबा म्हणाले.

"शाव, शाव!" ती खूश.

बाबा माझ्याकडे वळले. "अगं, ही आपलंच बोलतेय की. फक्त दात नसल्यासारखं."

आम्ही वसईचे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या सावलीत असलेलं गाव. बटाटा, पाव, पगार, घमेलं, पिंप, फीत हे शब्द त्यांच्याकडून आले हे शाळेत शिकलेलंच असतं. पण चावीची गंमत अशी की सोळाव्या शतकात तेही 'च'ला 'च'च म्हणत. पुढे लिस्बनकडे त्याचा 'श' झाला. म्हणजे जुना उच्चार आपल्याकडे राहिला आणि मूळ मालकाने तो बदलून टाकला. चहाला तिथे 'शा' म्हणतात. हे कळल्यापासून बाबा प्रत्येक टपरीवर ठासून "चा" मागत होते, जणू त्यांना त्यांचाच शब्द परत करतायत.

दुपारी १५ नंबरची ट्रॅम धरून बेलेंला गेलो. तिथे जेरोनिमुश मठ आहे. मिऱ्या-मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशांतून बांधलेला, आणि ते पैसे भिंतीभिंतीवर दिसतात. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्रातली झाडंझुडपं. चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर आहे. तो मेला कोचीत, १५२४ साली. नंतर त्याचे अवशेष इकडे आणले. दगडी गामा हात जोडून निवांत पहुडलाय. लोक त्याच्यासोबत फोटो काढत होते. मला तसं करावंसं वाटलं नाही, बाबांना तर मुळीच नाही. ते दगडी दोरखंडाची गाठ कुठली मारलीय ते बघत होते.

बाबांना खरा बघायचा होता तो गेंडा. विमानात मी त्यांना ही गोष्ट सांगितली होती आणि झोपेत असूनही त्यांनी ती नीट ऐकली होती. गुजरातच्या सुलतानाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसु द आल्बुकेर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. एवढं जनावर गोव्यात ठेवून करायचं काय? त्याने ते पोर्तुगालच्या राजा मानुएलसाठी जहाजात चढवलं. जानेवारी १५१५मध्ये गोवा सोडलेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपने गेंडा पाहिलाच नव्हता. नाव त्याचं 'गंडा'च पडलं. आपला गेंडा! जर्मनीत बसून चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं, अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखं, आणि पुढची कित्येक शतकं युरोप ते खरं मानत राहिला.

त्याच सुमारास नदीकाठी बेलेंचा बुरूज बांधून होत होता. त्याच्या एका कोपऱ्यातल्या टेहळणीच्या मनोऱ्याखाली गेंड्याचं डोकं कोरलंय. सांगितल्याशिवाय कोणाला दिसणार नाही. ऊन-वाऱ्याने शिंग झिजलंय, नाकाडाचा नुसता गोळा उरलाय, आणि पटकन बघितलं तर डुक्कर वाटतं. आम्ही काठावर उभे राहून मान वाकडी करून बघत होतो. आमच्याकडे बघून आणखी चारजण मान वाकडी करून उभे राहिले आणि काहीच न दिसल्याने निघून गेले.

"पुढे काय झालं त्याचं?" बाबांनी विचारलं.

पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून रोमकडे धाडला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडा पोहू शकतो, पण त्याला साखळदंडाने डेकला जखडलं होतं.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्या बोटीवर लाइफ जॅकेट कुठे ठेवतात ते आधी बघून घेऊ."

तिथली ती सुप्रसिद्ध अंड्याच्या बलकाची पेस्ट्री खाल्ली, वर दालचिनी भुरभुरून. चांगली होती. रांग मात्र अर्ध्या तासाची, आणि मला विचाराल तर आल्फामातल्या बेकरीतली उभ्या उभ्या खाल्लेली तेवढीच चांगली होती.

जूनमध्ये लिस्बनला अंधार नऊनंतर पडतो. संत अँथनी हा मूळचा इथलाच. त्याचा सण १२-१३ जूनला होऊन गेला होता, पण गल्ल्यांवरच्या रंगीत झिरमिळ्या अजून उतरवल्या नव्हत्या आणि चुलाणंही विझली नव्हती. दारासमोर अर्धं कापलेलं पिंप, त्यात निखारे, वर जाळीवर जाडं मीठ लावलेल्या अख्ख्या तारल्या. धुराने अख्खी वस्ती माखली होती. तारली आमच्याकडे गरिबाची मासळी, पाहुण्याला कोणी वाढत नाही. इथे टेबलक्लॉथ घालून वाढतात. भाजलेली तारली पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून देतात, तिचं तेल पावात उतरतं, आणि शेवटी तो पाव खायचा. बाबांनी काटा-चमचा बाजूला सारला आणि पाठीचा काटा एका ओढीत अख्खा बाहेर काढला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पसंतीची मान हलवली. एकूण नऊ तारल्या. "उद्या शनिवार आहे," त्यांनी स्वतःलाच कारण दिलं. शनिवारी ते खात नाहीत.

प्रत्येक दुकानात लहानशा कुंडीत गोल कापलेलं हिरवं रोप होतं, त्यात कागदाचं फूल आणि दोन-चार ओळींच्या कवितेची चिठ्ठी. 'मांजेरीकु' म्हणतात. या सणाला प्रेमिकांनी एकमेकांना द्यायचं. बाबा वास घ्यायला वाकले तर विकणारी बाई ओरडलीच. थेट नाक लावलं तर रोप सुकतं म्हणे. आधी तळवा हलकेच फिरवायचा, मग तळव्याचा वास घ्यायचा. बाबांनी तसं केलं आणि ओंजळ माझ्या नाकाशी धरली. तुळशीच्याच कुळातलं. आपल्याकडे नमस्कार केला असता त्याला.

सकाळी फेइरा दा लाद्रा. शब्दशः चोरटीचा बाजार. आपल्या मुंबईच्या चोरबाजाराची पोर्तुगीज मावशी, मंगळवारी आणि शनिवारी भरते. जुने फोन, लष्करी बिल्ले, फुटके दिवे, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो. निळ्या-पांढऱ्या जुन्या टाइल्स सुट्याही मिळतात, पण त्या घेऊ नका. त्यातल्या कितीतरी कोणाच्या तरी घराच्या भिंतीवरून उचकटलेल्या असतात.

बाजाराच्या डोक्यावर पांढऱ्या घुमटाचं भलं मोठं चर्च उभं आहे, सांता एंग्रासिया. बांधायला घेतलं १६८२मध्ये, पुरं झालं १९६६मध्ये. कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज लोक आजही 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. हे सांगितल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते बघून त्यांना मुंबई-गोवा महामार्ग आठवला हे मला विचारावं लागलं नाही.

बाबांनी एक किल्ली घेतली. वीतभर लांब, गंजकी, मुठीकडे गोल कडी. विकणारा पाच युरो म्हणाला, बाबांनी तीन बोटं दाखवली, सौदा झाला. "कुठल्या कुलपाची आहे?" मी विचारलं. "कुलूप मिळेल पुढे कुठेतरी," असं उत्तर आलं.

तिथून उतरून नदीकडे गेलो. काम्पु दश सेबोलश म्हणजे कांद्यांचं मैदान. कांदा आता औषधालाही नाही. पण तिथेच एक घर आहे ज्याची दर्शनी भिंत हिऱ्याच्या टोकांसारख्या दगडांनी भरलेली आहे. पाठ घासायची सोय नाही एवढी टोकदार. १५२३मध्ये ते बांधलं त्याच आल्बुकेर्कच्या मुलाने. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोंसुचंच नाव हापूसला मिळालं असं मानतात. "म्हणजे याच्या बापाला आपण दर मे महिन्यात खातो," बाबा म्हणाले आणि सावलीत बसले. १७५५च्या १ नोव्हेंबरला, ऐन सणाच्या सकाळी, भूकंप झाला. मग आग, मग नदीतून चढून आलेल्या लाटा. पलीकडचा राजवाडा आणि पूर्वेच्या व्यापाराची कचेरी गेली. या घराचे वरचे मजले पडले, ते पुन्हा चढवायला १९८०चं दशक उजाडलं. समोर ऑलिव्हचं झाड आहे, त्याच्या मुळाशी जुझे सारामागु या नोबेल मिळालेल्या लेखकाची रक्षा पुरलीय. आत त्याच्याच नावाची संस्था आहे. आम्ही आत गेलो नाही. साडेबारा झाले होते आणि बाबा घड्याळ बघायला लागले होते.

जेवायला काल्दु वेर्द, म्हणजे बटाट्याच्या पातळ रश्श्यात बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. सॉसेजची चकती नको हे वेटरला पटवायला बटाट्याहून जास्त वेळ लागला. "बटाटा?" "सिं, बटाटा." "फक्त बटाटा?" इथे मात्र भाषा संपली.

टर्मिनलची इमारत २०१७ची, ठेंगणी आणि पांढरी. तिच्या काँक्रीटमध्ये वजन कमी व्हावं म्हणून बुचाच्या झाडाची साल मिसळलीय. बॅगा दारातच घेतात, तीन चाकांची असली तरी. पुढे पासपोर्ट, फोटो, कार्ड, सगळं भराभर. अडलं ते क्ष-किरण यंत्रापाशी. पडद्यावर बाबांच्या पिशवीत वीतभर लोखंड दिसत होतं. रखवालदार मुलीने पिशवी उघडायला लावली.

"चावी," बाबा म्हणाले. मग सुधारून, "शाव."

तिने किल्ली उलटसुलट केली, हसली आणि काहीतरी विचारलं. तेही बहुधा कुलपाबद्दलच असावं.

केबिनमध्ये शिरल्यावर बाबांनी खिडकीही बघितली नाही. कपाटातून लाइफ जॅकेटं काढली, पट्टे ओढून पाहिले आणि परत ठेवली.

पाच वाजता आम्ही वरच्या डेकवर. पाच वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावरून एक जोडपं पिशव्या घेऊन पळत येताना दिसलं आणि बोटीने त्यांना घेतलं. बाबांना हे अजिबात आवडलं नाही. "डबल बेल दिल्यावर प्रवासी घेतात?" दोर सुटले तेव्हा पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती.

कालपासून पायी पालथं घातलेलं सगळं नदीवरून ओळीने मागे सरकायला लागलं. पांढरा घुमट, आमची गल्ली असावी ती फट, कांद्यांचं मैदान, राजवाड्याचं रिकामं पटांगण. मग तो लाल पूल. १९६६मध्ये बांधला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४च्या क्रांतीनंतर २५ एप्रिल हे नाव आलं. खाली सत्तर मीटर मोकळी जागा आहे, तरी बोटीचं धुराडं आता थडकणार असंच वाटतं. वर गाड्या लोखंडी जाळीवरून धावतात, त्यामुळे पूल मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सतत घुमत असतो. आम्ही बरोबर खालून गेलो तेव्हा डेकवरचं संगीतसुद्धा त्या घुमण्यात बुडालं.

बेलेंचा बुरूज आला तेव्हा ऊन थेट त्याच्यावर होतं. बाबांनी दुर्बीण काढली. इतक्या लांबून काही दिसणं शक्य नव्हतं, तरी बुरूज डाव्या अंगठ्याएवढा होईपर्यंत त्यांनी ती खाली घेतली नाही. मग खिशातून डायरी काढली. नोकरीत असल्यापासून तीच सवय, निळी शाई, बारीक अक्षर. मी खांद्यावरून वाचलं.

'लिस्बन. सुटण्याची वेळ १७.००. प्रत्यक्ष १७.१७. गेंडा दिसला नाही.'