पहिलं विमान कोणतं घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

रिमोटचं पहिलं विमान कोणतं घेऊ, असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, परवानगी हवी असते. मी सांगतो, फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान घ्या, पंख धडाच्या वर असलेलं. समोरचा मान डोलावतो आणि मोबाइलवर एखादं लढाऊ विमान दाखवतो. "आणि हे कसं वाटतं?"

छानच वाटतं. मलाही वाटलं होतं. माझं पहिलं विमान स्पिटफायर होतं.

जाणत्यांनी सांगून पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवणाऱ्यांनाही आधी टायगर मॉथ या साध्या शिकाऊ विमानावर शिकवायचे, असंही एक जण म्हणाले. मी म्हटलं, त्यांचा जीव आत होता, मी जमिनीवर असणार, मला कसली भीती? पण गोची नेमकी तिथेच आहे. आत बसलेल्याचं उजवं हेच विमानाचंही उजवं. जमिनीवरच्याचं तसं नसतं.

भाच्यानं फेकून सोडलं, मी थ्रॉटल दिला, विमान चढलं. दूर जाताना सगळं सरळ होतं. वळणसुद्धा जमलं. मग ते आमच्याकडे तोंड करून यायला लागलं आणि माझ्या डाव्या हाताचा पंख खाली झुकला. विमान डावीकडे सरकायला लागलं. भाचा ओरडला, "मामा, उजवीकडे!" मी स्टिक उजवीकडे दाबली. पण आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा उजवा पंख म्हणजे आपल्याला डावीकडे दिसणारा, आधीच झुकलेला. तो आणखी झुकला. मी आणखी दाबलं. मग घाबरून एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरची नाक वर-खाली करणारी पट्टी, पूर्ण ओढला. विमान आडवं असताना ओढल्यावर ते वर येत नाही, वळण आवळत जातं. एका पंखानं हवा सोडली आणि नाक जमिनीत.

धावत गेलो. नाक चेपलेलं, प्रोपेलरचं एक पातं गायब, डावा पंख मुळापासून तुटलेला. शेपूट मात्र शाबूत, आणि तिच्यावरचा एलेव्हेटर वर उचललेलाच. क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, माझा अंगठा अजून स्टिक ओढूनच बसला होता. सोडला, तेव्हा एलेव्हेटर हळूच खाली आला.

भाच्याचं चुकलं नव्हतं, हे आधी सांगतो. "उजवीकडे" बरोबरच होतं. कुणाचं उजवं, एवढंच राहिलं. (विमान आपल्याकडे येताना झुकलेला पंख दिसेल त्या बाजूला स्टिक, ही युक्ती मला नंतर कळली. सिम्युलेटरवर चार संध्याकाळी घालवल्या असत्या तर फुकटात कळली असती.)

ट्रेनर असतं तर? त्याचे पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. स्टिक सोडून द्या, उंची हाताशी असेल तर बहुधा स्वतःच सरळ होतं. स्पिटफायर जसं झुकवाल तसंच झुकून राहतं. हल्ली विमानात जायरो, म्हणजे तोल सावरणारं छोटं यंत्र असतं, ते सांभाळून घेतं, म्हणून काही जण थेट फायटरच घ्या म्हणतात. घ्या. पण विमान येतंय की जातंय हे तुमच्याऐवजी जायरो ओळखणार नाही.

आता खरं बोलतो. तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. म्हणतो, त्या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या ट्रेनरसाठी तू रात्री दोनपर्यंत जागून पंख चिकटवले असतेस का? बहुतेक नाही. मग छंद टिकला तो कुणामुळे? याचं उत्तर मला अजून देता येत नाही, आणि तरी तुम्हाला मी ट्रेनरच सांगणार आहे.

नंतर मीही तेच घेतलं. पार कंटाळा येईपर्यंत उडवलं. मग दुसरं स्पिटफायर आणलं. दोन वर्षं झाली, खोक्यातच आहे. सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, तीनदा तपासून झाला. भाचा विचारतो, "मामा, कधी?" मी म्हणतो, वारा जरा पडू दे.