बिग हाऊसमधला ६५ नंबर

मिशिगन स्टेडियमच्या खऱ्या आकाराचा रस्त्यावरून अंदाज येत नाही. हे मैदान जमिनीत खोल खणून बसवलंय. फाटकातून आत शिरलं की आपण निम्म्याहून वर उभे असतो आणि एकदम समोर पायाखाली ती अवाढव्य वाटी उघडते. १९२७ साली बांधलेलं, १,०७,६०१ आसनांचं हे स्टेडियम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरमध्ये सगळे ‘बिग हाऊस’ म्हणून ओळखतात. २५ नोव्हेंबर २०२३ च्या शनिवारी तिथे १,१०,६१५ माणसं होती, आणि त्यांत मीही होते.

माझी मामेबहीण कँटनला राहते, अ‍ॅन आर्बरपासून गाडीने अर्ध्या तासावर. दाजींचं एम. एस. मिशिगन विद्यापीठातलंच, त्यामुळे त्या घरात शरद ऋतूतले शनिवार अमेरिकन फुटबॉलच्या नावावर असतात. थँक्सगिव्हिंगला मी तिथे असणार हे कळल्यावर दाजींनी एका मित्राकडून ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याची दोन तिकिटं मिळवली. ताई म्हणाली, “तूच जा. मला त्या थंडीत बसवत नाही, आणि ओहायोविरुद्ध हरले तर हे आठवडाभर बोलत नाहीत.”

सामना दुपारी बाराचा, पण आम्ही सकाळी आठलाच निघालो. स्टेडियमसमोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात तोवर गाड्यांच्या डिक्या उघडून शेगड्या पेटल्या होत्या. मक्याच्या पिवळ्या आणि गडद निळ्या रंगात सगळं गाव न्हालेलं. आजोबा, नातवंडं, कुत्री, सगळ्यांच्या अंगावर तेच दोन रंग. दोन्ही संघ ११-० होते, म्हणजे मोसमात एकदाही न हरलेले. त्यामुळे गर्दीत उत्साहाइतकाच ताणही होता.

दाजींनी वाटेतच मला संघाची यादी समजावून सांगितली. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जे. जे. मॅकार्थी. चेंडू घेऊन धावणारा ब्लेक कोरम. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कोरमचा गुडघा जायबंदी झाला होता. व्यावसायिक फुटबॉलकडे न जाता तो आणखी एका मोसमासाठी कॉलेजात थांबला. बचावात माइक सेनरिस्टिल, जन्माने हैतीचा. आधी पास झेलणारा होता, मग प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून पास अडवणारा झाला आणि त्या मोसमात त्याने प्रतिस्पर्ध्यांचे ६ पास पळवले. “पण तू आज बघ ते मधले पाच जण,” दाजी म्हणाले. “७३, ७७, ६०, ६५, ५२. यांच्यावर नजर ठेव.”

हे पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. तीनशे पौंडांच्या आसपासची ही माणसं क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करून उभी राहतात. नियमाप्रमाणे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि धावणाऱ्याला वाट करून द्यायचं काम यांचं. मधला सेंटर चेंडू मागे देतो, तेवढाच काय तो यांचा चेंडूशी संबंध. आकडेवारीच्या तक्त्यात मॅकार्थीचे २,९९१ यार्ड आहेत, कोरमचे धावून केलेले २७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) आहेत आणि तो मिशिगनचा एका मोसमातला विक्रम आहे. या पाच जणांसाठी मात्र त्या तक्त्यात रकानाच नाही. मला ही गोष्ट त्या दिवशी फार लागली आणि अजूनही लागते.

प्रशिक्षकांची यादीही त्या वर्षी सरळ नव्हती. मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ, पण मोसमाचे पहिले तीन सामने विद्यापीठानेच त्यांना बाहेर बसवलं होतं. ते तीन सामने जेसी मिंटर, जिम यांचा मुलगा जे हार्बॉ, माइक हार्ट आणि शेरोन मूर यांनी वाटून सांभाळले. नोव्हेंबरमध्ये प्रतिस्पर्ध्यांचे खुणांनी दिलेले इशारे चोरल्याच्या चौकशीवरून बिग टेन या विद्यापीठांच्या संघटनेने हार्बॉंना आणखी तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर ठेवलं. पेन स्टेटचा सामना तोंडावर, संघ प्रवासात, आणि जबाबदारी आली मूर यांच्यावर. मूर हे आक्रमणाचे सूत्रधार आणि याच ऑफेन्सिव्ह लाइनचे प्रशिक्षक. त्यांनी पेन स्टेटविरुद्ध दुसऱ्या अर्ध्यात मॅकार्थीच्या नावावर एकही पास लागू दिला नाही. चेंडू सतत धावणाऱ्यांच्या हाती देत सामना २४-१५ असा जिंकला. आपल्या माणसांवर इतका उघड विश्वास टाकलेला मी क्वचितच पाहिलाय.

आमच्या जागा अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर, रंगवलेल्या आकड्यांवर. आकडा इतका अरुंद की जाड कोट घातलेली माणसं खांद्याला खांदा लावूनच बसतात, आणि त्या थंडीत ते बरंच वाटतं. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या मांडीवर दोन्ही संघांची छापील यादी, हातात पेन्सिल. प्रत्येक प्लेनंतर, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या एकेका प्रयत्नानंतर, त्या क्रमांकासमोर बारीक खूण करत. मी भारतातून आलेय म्हटल्यावर त्यांनी यादी दोघींच्या मध्ये धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने मला नावं दाखवत गेल्या.

सुरुवात मिशिगनची. विल जॉन्सनने पास पळवला, चौथ्या प्रयत्नावर एक यार्ड उरलेला असताना मूर यांनी चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे फील्ड गोलचे तीन गुण न घेता कोरमला पाठवलं, आणि तो घुसला. रोमन विल्सनने दुसरा टचडाउन झेलला. मध्यंतराला १४-१०. तिसऱ्या भागात ओहायोने १७-१७ अशी बरोबरी केली आणि स्टेडियममधलं बोलणं कमी झालं.

मग ६५ नंबर पडला.

झॅक झिंटर, राइट गार्ड, म्हणजे सेंटरच्या लगेच उजवीकडचा, संघाच्या कर्णधारांपैकी एक. वरून मला फक्त ढिगातून बाकीचे उठले आणि एक उठला नाही एवढं दिसलं. मॅकार्थी जवळ गेला आणि लगेच बाजूला झाला. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. गाडी आली, दोन्ही संघांचे खेळाडू भोवती गोळा झाले. झिंटरला मैदानाबाहेर नेताना एका कोपऱ्यातून हाक सुरू झाली, “लेट्स गो झॅक”, आणि बघता बघता लाखभर गळ्यांनी ती उचलली. शेजारच्या बाईंची पेन्सिल थांबली होती. त्यांनी ६५ ला खूण केली नाही.

त्यानंतरचं मी फार नीट पाहिलं, कारण दाजींनी मला नेमकं कुठे बघायचं ते सांगितलं होतं. ५२ नंबरचा कार्सन बार्नहार्ट टॅकलच्या, म्हणजे ओळीच्या टोकाच्या, जागेवरून आत सरकून झिंटरच्या जागी गार्ड झाला. त्याच्या रिकाम्या जागेवर बाकावरून ट्रेंट जोन्स आला, ५३ नंबर. दोन माणसं नव्या जागी, समोर देशातल्या सर्वोत्तम बचावांपैकी एक. पुढच्याच प्लेला कोरमला फट मिळाली आणि तो २२ यार्ड धावत थेट टचडाउनला पोचला. तिथे त्याने दोन्ही हातांच्या बोटांनी सहा आणि पाच दाखवले. मला तेव्हा रडू आवरलं नाही. दाजीही डोळे पुसत होते.

शेवट सोपा नव्हता. फील्ड गोलने २७-१७, मग ओहायोच्या मार्विन हॅरिसनच्या टचडाउनने २७-२४, मग जेम्स टर्नरचा आणखी एक फील्ड गोल. ३०-२४. एक मिनिट उरलेलं, चेंडू ओहायोकडे, आणि त्यांना टचडाउन पुरेसा. जेलेन हॅरेलने क्वार्टरबॅकला गाठलं, पास भरकटला आणि रॉड मूरने तो झेलला. विद्यार्थ्यांच्या बाजूने माणसांचा लोट मैदानात उतरला.

संध्याकाळी कँटनला ताईने गरम वरणभात वाढला आणि दाजी लॅपटॉपवर सामन्याचे आकडे घेऊन बसले. मॅकार्थी २० पैकी १६ पास. कोरम ८८ यार्ड. ताईने विचारलं, “आणि तो पडला त्याचं काय लिहिलंय?” दाजींनी तक्ता खालपर्यंत सरकवला. सांगण्यासारखा आकडा त्यांना सापडला नाही.

मी भारतात परतल्यावर बाकीचा मोसम पहाटे उठून पाहिला. आयोवाला २६-०, रोझ बोल या उपांत्य सामन्यात जादा वेळेत अलाबामाला २७-२०, आणि ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३. एकूण १५-०. पंधरा सामन्यांत ५३८ गुण केले, दिले फक्त १५६. अंतिम सामन्यात वॉशिंग्टनकडे त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम ठरलेली ऑफेन्सिव्ह लाइन होती. तरी धावून ३०३ यार्ड कमावले ते मिशिगनने, झिंटरशिवाय.

एप्रिलमध्ये या संघातले १३ खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडले गेले. झिंटरला मोडलेल्या पायानिशी क्लीव्हलँडने तिसऱ्या फेरीत घेतलं. बार्नहार्ट आणि जोन्स यांची नावं त्या यादीत नव्हती. दोघांनाही नंतर वेगळे करार मिळाले, जोन्सला ग्रीन बेमध्ये आणि बार्नहार्टला चार्जर्समध्ये. चार्जर्सचे मुख्य प्रशिक्षक तोवर जिम हार्बॉ झाले होते.