चर्चच्या हॉलमधली बालवाडी आणि तो मेला रेशो

इथे इंग्लंडमध्ये काय करतेस असं कुणी फोनवर विचारलं की मी प्रीस्कूलमध्ये काम करते असं सांगते, आणि समोरून ठरलेलं वाक्य येतं, "म्हणजे मुलंच सांभाळायची ना, मग बरंय की." मिरजेला बालवाडी शिकवायचे तेव्हाही हेच ऐकायचे, त्यामुळे सवय आहे. पण गेल्या सोमवारी जे झालं ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

झालं असं की आमच्यातली एक जण सकाळी सातला मेसेज करून मोकळी झाली, रात्रभर उलट्या, येत नाही. आता आमचं प्रीस्कूल म्हणजे काही मोठी नर्सरी चेन नव्हे. बर्कशायरमधलं छोटं गाव, चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, पालकांची कमिटी चॅरिटी म्हणून चालवते, आणि मॅनेजर धरून आम्ही चार बायका. त्या दिवशी यायची होती दोन वर्षांची सहा आणि तीन-चार वर्षांची पंधरा पोरं. इथला नियम, त्यालाच रेशो म्हणतात, असा की दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक माणूस (2023 च्या सप्टेंबरपर्यंत हे चारालाच एक होतं), आणि तीनच्या पुढच्यांना आठामागे एक. करा हिशोब. सहा धाकट्यांना दोन आणि पंधरा मोठ्यांना दोन, झाल्या चार. चार बाया असल्या तर सगळं सुरळीत, तीन असल्या तर एक पोर जास्त. अख्ख्या एकवीस पोरांत एक. आणि ते सहावं पोर कोण, तर जे दारात सगळ्यात शेवटी आलं ते!

त्या आईला दारातून परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मॅनेजर फोनवर दुसरी कुणी बाई मिळते का बघत होती. बिचारी हॉस्पिटलच्या किचनमध्ये शिफ्टला निघालेली, पोरगं हातात पावसाचे वेली बूट घेऊन आत घुसायला उतावीळ, आणि मी दारात उभी राहून सांगतेय की सॉरी, आज घेता येणार नाही. ती चिडली नाही, हेच जास्त लागलं. आपल्याकडे असतं तर तिने मला चार शब्द सुनावले असते, मी दोन परत केले असते आणि पोरगं घेतलं असतं आत, विषय संपला असता.

कारण मिरजेला माझ्या वर्गात पस्तीस-चाळीस पोरं असायची आणि मी एकटी, मदतीला एक मावशी. त्या मावशींनी कुठलाही कोर्स केला नव्हता, पण कुठल्या पोराला शी लागलीय हे त्यांना त्याच्या चालण्यावरून कळायचं. मला कुणी रेशो सांगितला नाही. रोज गाणी झाली, गोष्ट झाली, डबा झाला, रिक्षावाले काका आले की पोरं गेली. काही बिघडलं का? नाही बिघडलं. निदान आमच्याकडे तरी नाही.

इथे मात्र रेशो तुमच्या ब्लॅडरवरसुद्धा राज्य करतो. बाथरूमला जायचं तर आधी सांगायचं, मग कुणीतरी मान डोलवणार, मग जायचं. एक जण नॅपी बदलायला गेली की उरलेल्यांची नजर आपोआप पसरते, कुणी बागेच्या दाराकडे, कुणी वाळूच्या ट्रेकडे, कुणी त्या एका पोराकडे जे नेहमी चावतं. चहा गरम प्यायलेला आठवत नाही, कारण गरम चहा मुलं असलेल्या खोलीत आणायचाच नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट, मुलीच्या शाळेतला कार्यक्रम, साधं डोकं दुखणं, कशालाही सुट्टी घ्यायची तर आधी मनात आकडेमोड होते की उद्या दोनवाले किती आहेत. मोठ्या नर्सऱ्यांत एक बाई कमी पडली तर दुसऱ्या खोलीतून उचलून आणतात. आमची खोलीच एक! एजन्सीकडून बाई मागवायची तर तिचे पैसे कमिटीला परवडत नाहीत, आणि गावातली जी एक रिटायर्ड बाई अडीअडचणीला येते ती नेमकी तेव्हा स्पेनला गेलेली असते.

पैशाचं म्हणाल तर पेपरात वाचून तुम्हाला वाटेल की इंग्लंडात सरकार मुलांना फुकट सांभाळतं. 2025 च्या सप्टेंबरपासून नोकरी करणाऱ्या आईबापांना मूल नऊ महिन्यांचं झाल्यापासून आठवड्याला तीस तास, वर्षातले 38 आठवडे. पालकांना चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण सरकार तासाला जे देतं त्यात हॉलचं भाडं, हीटिंग, पगार, रंग, कागद सगळं बसवायचं. सप्टेंबरात तर निम्मी पोरं रिसेप्शनला, म्हणजे मोठ्या शाळेत निघून जातात, हॉल रिकामा रिकामा, आणि मग उन्हाळ्यापर्यंत परत भरत जातो. भाडं मात्र बाराही महिने तेवढंच. आमचा पगार मिनिमम वेजच्या आसपास, 2025 च्या एप्रिलमध्ये तो ताशी 12.21 पौंड झाला होता. लगेच रुपये करू नका, इथे भाजीही पौंडातच मिळते. शिवाय सुट्टीत काम नाही.

आणि तरी डिसेंबर 2023 मध्ये आपल्याकडच्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा मी रोज त्या बातम्या शोधून वाचायचे. त्यांच्यापुढे मी कुठल्या तोंडाने रडू? त्यांना पोरं, गरोदर बाया, वजनकाटा, पोषण आहार, सर्व्हे आणि वर ते मोबाइलवर माहिती भरणं. मला निदान पोरंच आहेत.

माहिती भरणं इथेही आहे म्हणा. पोरगं पडलं, गुडघा खरचटला, लगेच फॉर्म. कुठे पडलं, किती वाजता, कुणी पाहिलं, काय केलं, संध्याकाळी पालकाची सही. डोक्याला लागलं तर शिवाय पालकांना फोनही. घरून खूण घेऊन आलं तर त्याचा वेगळा फॉर्म. एकदा एक साऊथ इंडियन बाळ गालावर काजळाची तीट लावून आलं, तर आमची एक पोरगी (वय वीस-एकवीस, फार गोड आहे) घाबरून फॉर्म आणायला धावली, तिला वाटलं मार लागलाय. मी ओल्या टिशूने पुसून दाखवलं. पण तिला हसण्यात अर्थ नाही, कारण आपल्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर ते जन्मतःच निळसर डाग असतात ना, आपली आजी आंघोळ घालताना त्याकडे बघतही नाही, ते खरंच मुकामारासारखे दिसतात आणि इथे पहिल्याच दिवशी आईकडून लिहून घ्यावे लागतात, नाहीतर नको ती चौकशी मागे लागू शकते. नवीन येणाऱ्या देशी आयांना मी आता स्वतःच विचारून घेते. माझ्या बालवाडीच्या कोर्सला आणि अनुभवाला कागदावर काही किंमत नाही, तपासून घ्यायची प्रोसेस चालू आहे, तोपर्यंत मी अनक्वालिफाइडमध्येच धरली जाते. पण ही निळ्या डागांची गोष्ट आम्हा चौघींत फक्त मलाच माहीत होती, एवढं लिहून ठेवते.

आता कौतुकाचं. कोट.

थंडीत बाहेर जायचं, आणि बाहेर रोज जायचंच, पाऊस असला तरी, तर प्रत्येक पोराने आपला कोट आपण घालायचा. तीन वर्षांचं पोर! पद्धत अशी की कोट जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर, टोपी आपल्या पायाशी. मग टोपीशी उभं राहून खाली वाकायचं, दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि अख्खा कोट डोक्यावरून मागे भिरकावायचा. पडला की बसला अंगात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं. पण जमेपर्यंतचे जे दिवस असतात ते बघवत नाहीत हो. कुणाचा कोट उलटा, टोपी ढुंगणावर लोंबतेय, कुणाचे दोन्ही हात एकाच बाहीत, कुणी रडतंय, आणि झिप, ती झिप तर विचारूच नका. आम्ही चौघी बाजूला गुडघ्यांवर बसून नुसतं "ट्राय अगेन, यू आर नियरली देअर" करत असतो. माझे हात शिवशिवतात. मी सगळ्यांचे कोट पाच मिनिटांत चढवून दिले असते. एकदा न राहवून एकाची बाही ओढायला गेले तर मॅनेजर लांबून फक्त "लेट हिम" म्हणाली. बोलायची पद्धत गोड, पण मी हात मागे घेतला.

आणि त्याच पोराने तीन आठवड्यांनी कोट भिरकावून घातला, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला मिरजेच्या पोरांच्या डोळ्यांत फार कमी वेळा दिसलं, कारण त्यांचे सगळे हुक-बटणं आम्हीच लावायचो. चाळीस पोरं असताना कोण थांबणार? रेशोचा फायदा हा असा कुठेतरी दिसतो, मला चिडून झाल्यावर.

पण म्हणून माझ्या घरी मी संध्याकाळी लेकीला वरणभाताचा घास भरवते तो काही बंद करणार नाही. ती सहा वर्षांची आहे, तिला चमच्याने, काट्याने, हाताने सगळ्याने खाता येतं. दिवसभर आम्ही दोघी इंडिपेंडंट असतो. सातनंतर नाही.

अजून एक गोष्ट मला खुपते, ती म्हणजे ट्रेनिंगला गेलं की आउटडोअर लर्निंग, लूज पार्ट्स (म्हणजे सुट्या, साध्या वस्तूंनी खेळणं), चाइल्ड लेड (म्हणजे मुलाच्या कलाने) हे सगळं असं सांगतात की जणू आम्हाला हे पहिल्यांदाच ऐकायला मिळतंय. मार्गारेट मॅकमिलनने 1914 साली लंडनच्या डेप्टफर्डमध्ये गरीब पोरांसाठी उघड्यावरची नर्सरी काढली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण आमच्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हा त्यांच्याकडे कुठला कॅटलॉग होता? खडे, शिंपले, पानं, बिया. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली, गुरं राखायला गेली तर कुरणात नेली. हे मी एकदा ट्रेनिंगमध्ये बोलले. ट्रेनर बाई म्हणाल्या हाऊ वंडरफुल आणि पुढची स्लाइड लावली. मला अजून राग आहे. तसं बघायला गेलं तर मिरजेच्या आमच्या बालवाडीतही पोरं ज्युनिअर केजीच्या वर्कशीटच गिरवायची, पालकांना वहीत लिहिलेलं दिसलं नाही तर फी द्यायची नाहीत, आणि कोसबाडला मी कोर्सच्या ट्रिपला गेले होते तेवढंच. पण ते ट्रेनर बाईंना सांगायची काय गरज?

शुक्रवार हा सगळ्यात वाईट दिवस. हॉल आमचा नाही ना, शनिवारी कुणाचं लग्न नाहीतर वाढदिवस, रविवारी चर्चची मंडळी, त्यामुळे दर शुक्रवारी दुपारी टेबलं, खुर्च्या, रग, पुस्तकं, खेळातलं किचन, वाळूचा ट्रे, भिंतीवरची पोरांची चित्रंसुद्धा, सगळं उतरवून एका कपाटात आणि मागच्या शेडमध्ये कोंबायचं आणि सोमवारी सकाळी परत मांडायचं. कंबर राहत नाही. अख्खा संसार आठवड्याला हलवतो आम्ही, आणि तरी सोमवारी पोरं येतात तेव्हा त्यांना वाटतं हे इथंच होतं.

खाण्यापिण्याचं तर वेगळंच. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे, पॉपकॉर्न नाही, आणि आता नवीन नियमांत पोरं खात असताना आपण त्यांच्याकडे तोंड करून बसायचं, म्हणजे कुणाच्या घशात घास अडकला तर आवाज न होताही दिसेल. हा नियम मला पटतो, याच्यावर मी वाद घालत नाही. पण नट्स बंद म्हटल्यावर मराठी माणसाने खायचं काय? कूट घातल्याशिवाय माझी कोशिंबीर होत नाही, साबुदाण्याची खिचडी होत नाही, भेंडी होत नाही. माझ्या डब्यात आता सगळीकडे खोबरं असतं. एका मराठी आईने पोराला गुळपोळी दिलेली, तीळ आणि दाणे दोन्ही, तो डबा मी स्वतः बंद करून बाजूला ठेवला आणि तिला संध्याकाळी समजावलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही पण?" काय बोलणार.

येत्या शनिवारी हॉलमध्ये लग्न नाही म्हणून कमिटीने फंडरेझिंग ठेवलंय, केक सेल आणि चहा. जमलेल्या पैशातून अडीअडचणीला एजन्सीची बाई मागवता यावी असा विचार आहे, त्या सोमवारनंतर सगळ्यांनाच पटलाय. ती परत गेलेली आईसुद्धा केक आणणार आहे. मी बटाटेवडे करतेय. पदार्थाशेजारी चौदा ॲलर्जींची यादी लावायची, त्यात मोहरीही येते हे मला इथे येऊन कळलं, म्हणजे फोडणी लिहून द्यायची. बेसन आहे म्हणून ग्लुटेन नाही असं मी आनंदाने सांगितलं, तर हिंगाची डबी उलटून बघितली आणि त्यात गव्हाचं पीठ निघालं. आता रेडिंगच्या दुकानांत गव्हाशिवायचा हिंग शोधतेय. शुक्रवारच्या आत कुणाला सापडला तर दुकानाचं नाव कळवा, नाहीतर वडे हिंगाशिवायच होतील आणि ते आमच्या सासूबाईंना सांगायचं नाही.