काळ्या मातीतले एचेव्हेरिया

इंदूरच्या काळ्या मातीत सोयाबीन उत्तम येते, परंतु एचेव्हेरिया या जाड, गरदार पानांच्या शोभेच्या झाडाची मुळे त्याच मातीत पाहता पाहता कुजतात, हे मला तीन कुंड्या गमावल्यावर उमगले. जुलैच्या झडीत कुंड्या गच्चीवर उघड्याच राहिल्या होत्या. खालची पाने आधी काचेसारखी पारदर्शक व पिवळसर झाली आणि बोट लावताच अलगद गळून पडली. शेजारच्या काकूंनी झाड कोमेजलेले पाहून त्यात मायेने आणखी एक तांब्या ओतला होता, हे नंतर कळले.

आता मी माती, जाडसर वाळू आणि विटांचा चुरा समप्रमाणात मिसळते. पाणी द्यायचे ते कुंडीच्या तळातून वाहून जाईपर्यंत, आणि पुन्हा द्यायचे ते माती तळापर्यंत सुकल्यावरच. ही झाडे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात व रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात. माळव्यातील गार रात्री त्यांना मानवतात, असा माझा आपला समज आहे. मुख्यतः मेक्सिकोतील या वनस्पतीला अतानासियो एचेवेरिया या चित्रकाराचे नाव १८२८ मध्ये मिळाले.

पानांवरची पांढुरकी भुकटी धूळ समजून पुसू नये; ती उन्हापासून पानांचे रक्षण करते. मात्र पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने मी तो टिपून घेते.

कुजण्यातून वाचलेली चार धडधाकट पाने कोरड्या वाळूवर ठेवली होती. त्यांपैकी एकाच्या बुडाशी आज केसासारखी बारीक, गुलाबी मुळे दिसली.